दुर्मीळ प्रयोग आणि उसने निवाडे

संहिता सामान्य, पदे मात्र अमर : जुन्या संगीत नाटकांविषयीचा हा निवाडा मराठी समीक्षेत इतका रुळला आहे, की तो कोणत्या अनुभवावर उभा आहे, हे विचारण्याची गरजही कुणाला भासत नाही. स्वातंत्र्यसंग्रामात तुरुंगवास भोगलेल्या अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांच्या 'रणदुंदुभि'च्या वाट्यालाही तोच येतो. १९२७ साली बळवंत संगीत मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. वझेबुवांच्या चाली आणि मास्टर दीनानाथांचा गळा यांमुळे त्यातील पदे ध्वनिमुद्रिकांतून व मैफलींतून टिकली. नाटक मात्र क्वचितच दिसते. नांदगाव खंडेश्वरच्या विद्यार्थ्याला यातले एखादे पद ऐकून ठाऊक असू शकते. ते नाटकात कोणत्या क्षणी, कोणाला उद्देशून येते, हे त्याला सांगता येणार नाही. त्याच्या प्राध्यापकालाही बहुधा नाही.

या निवाड्यामागे एक गृहीतक दडलेले आहे : जे रंगभूमीवरून गेले, ते रसिकांनीच नाकारले. इतिहास याला दुजोरा देत नाही. १९३२च्या 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपट सुरू झाला आणि गायक नट, साथीदार, पडदे यांचा पगारी संसार सांभाळणाऱ्या मंडळ्या मोडत गेल्या. खुद्द बळवंत मंडळीही चित्रपटनिर्मितीकडे वळली. हा हिशेबवहीचा निकाल होता, अभिरुचीचा नव्हे. आल्बेर रूसेल या फ्रेंच संगीतकाराचा 'पद्मावती' हा ऑपेरा १९२३ साली पॅरिसला झाला. गायक, समूहगान आणि नृत्य यांचा मोठा ताफा मागणारी ही कृती विरळाच रंगमंचावर येते. २००८ साली पॅरिसच्याच शातले नाट्यगृहात संजय लीला भन्साळी यांनी तिचा प्रयोग सिद्ध केला, तेव्हा कुठे नव्या प्रेक्षकाला तिच्याविषयी स्वतःचे मत बनवता आले.

दुर्मीळ प्रयोगाचा थरार तो हाच. 'सौभद्र' पाहताना रसिक मागच्या गायक नटांशी तुलना करीत बसतो. अपरिचित कृतीपुढे असा उसना निवाडा त्याच्यापाशी नसतो. पद सुरू झाल्यावर प्रसंग थांबतो की पुढे सरकतो, याचा निर्णय त्याला त्याच क्षणी, स्वतःच्या कानांनी करावा लागतो. या थरारास स्मरणरंजन म्हणून हिणवणे चूक आहे. ज्याचे स्मरणच नाही, त्याचे रंजन कसले?

दुर्मीळता म्हणजे गुणवत्ता नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. प्रयोगानंतरही नाटक सामान्य ठरण्याचा संभव आहे. पण तो निष्कर्ष असेल. आज आहे तो पूर्वग्रह. खंडेश्वराच्या हेमाडपंती मंदिराचा नकाशा वाचून कोणी गाभाऱ्यातल्या अंधाराविषयी मत देत नाही. नाटकाच्या बाबतीत मात्र ही मुभा सर्रास घेतली जाते.

वऱ्हाडातील मराठी विभागांनी वर्षाकाठचे एक चर्चासत्र कमी करून पेटी, तबला आणि सात-आठ तयार गळे यांनिशी या नाटकाचे निदान दोन अंक उभे करावेत. तोवर टिपणवह्यांतून 'सामान्य' हे विशेषण तेवढे खोडून ठेवावे.