गुडघ्यापर्यंतचा पोशाख

मे महिन्याची सुट्टी लागली, की शहरांतील जलतरण तलावांवर सकाळच्या तुकड्यांसाठी रांगा लागतात आणि त्याच सुमारास घरोघरी कोकणच्या सहलीचे बेत ठरू लागतात. या दोन्ही प्रसंगी एक प्रश्न सर्वांच्या मनात असतो, परंतु तो मोठ्याने क्वचितच विचारला जातो : पाण्यात उतरताना घालावयाचे काय? मुलग्यांच्या बाबतीत त्याचे उत्तर दुकानात दोन मिनिटांत मिळते. मुलीच्या बाबतीतही ती आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत कोणाची हरकत नसते. बारावे-तेरावे वर्ष लागले, की मात्र एखाद्या संध्याकाळी आजी किंवा वडील सहज बोलून जातात, ‘आता पुरे झाले पोहणे.’ पोहण्यावर त्यांचा राग नसतो. त्यांना खुपतो तो पोहण्याचा पोशाख.

अप्कायिक जीवांच्या विचाराने ज्या घरांत तलावात उतरणेच वर्ज्य मानतात, त्यांच्या नियमाविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. ज्या घरांत भाऊ पोहतो आणि बहीण काठावर त्याचा टॉवेल सांभाळीत बसते, त्या घरांसाठी हे चार शब्द आहेत.

अशा घरांत बहुधा एक मधला मार्ग काढला जातो. पोहण्याच्या पोशाखाऐवजी खेळाची अर्धी विजार, जिला आता सर्वजण शॉर्ट्स म्हणतात, ती आणि वर एक टी-शर्ट. समुद्रावर हा वेष कोणालाच खटकत नाही. तलावाच्या दारावर मात्र जीवरक्षक मुलीला अडवतो आणि भिंतीवरील फलकाकडे बोट दाखवतो : नायलॉन किंवा लायक्राचा पोहण्याचा पोशाख आवश्यक. मुलगी परत येते. घरातील मंडळी निष्कर्ष काढतात, की तलावाला आखूड कपडे हवेत, आपल्याला ते नकोत, तेव्हा विषय संपला. वास्तविक येथे दोन निरनिराळे आक्षेप एकमेकांत मिसळले आहेत. घराचा आक्षेप कपड्याच्या लांबीवर आहे आणि तलावाचा कपड्याच्या जातीवर. ते वेगळे करून पाहिले, की भांडण बरेचसे मिटते.

तलावाचे म्हणणे प्रथम समजून घेऊ. तलावाचे पाणी रोज बदलले जात नाही. तेच पाणी गाळणी यंत्रातून फिरवून, त्यात क्लोरीन सोडून पुन्हा वापरात आणतात. तलावाजवळ जाताच नाकाला झोंबणारा जो वास येतो, तो स्वच्छतेचा वास, अशी आपली समजूत असते. क्लोरीन जेव्हा घाम, मूत्र आणि अंगावरील मळ यांतील नत्रयुक्त द्रव्यांशी संयोग पावतो, तेव्हा क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात. तो उग्र वास त्यांचा असतो आणि डोळे चुरचुरतात तेही बहुतांशी त्यांच्यामुळेच. म्हणजे वास जितका तीव्र, तितकी पाण्यात बाहेरून घाण अधिक आलेली. पोहण्यापूर्वी अंगावर पाणी घेण्याची सक्ती असते ती याचसाठी. आता जी शॉर्ट्स घालून मुलगी सकाळी मैदानावर धावली, रिक्षात बसली आणि तशीच तलावावर आली, तिच्याबरोबर घाम, धूळ आणि कपडे धुण्याच्या पावडरीचा अंशही पाण्यात उतरतो. आत सुती अंतर्वस्त्र असेल तर त्याचे धागे सुटून गाळणीत अडकतात.

‘पण आमची शॉर्ट्स पॉलिएस्टरची आहे, स्वच्छ धुतलेली आहे,’ असे कोणी म्हणेल. ते खरेही असेल. परंतु ती केवळ पोहण्यासाठीच राखून ठेवलेली आहे, हे दारावरच्या माणसाला कसे कळावे? त्याला प्रत्येकाच्या कपाटाची चौकशी करता येत नाही, म्हणून नियम सरसकट असतो. फ्रान्समध्ये हा नियम इतका कडक आहे, की सार्वजनिक तलावांवर पुरुषांनाही सैल शॉर्ट्स घालून उतरू देत नाहीत. परदेशातून आलेल्या प्रवाशांना तेथे दारावरच घट्ट पोशाख घेण्याची वेळ येते. ज्या कपड्यावर माणूस रस्त्याने फिरू शकतो तो कपडा तलावात नको, एवढाच त्यामागचा विचार.

हा नियम तेथे सदैव स्वच्छतेपुरताच राहिला, असे मात्र नव्हे. २०२२ च्या मे महिन्यात ग्रेनोबल शहराच्या नगरपालिकेने सर्वांग झाकणाऱ्या पोशाखाला मुभा देणारा ठराव केला. तो न्यायालयात गेला आणि जूनमध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्या तरतुदीवरील स्थगिती कायम ठेवली. स्वच्छतेचा नियम कोठे संपतो आणि इतरांच्या वेषाविषयीची नापसंती कोठे सुरू होते, हे ओळखणे अवघड असते. आपल्या घरांतील चर्चाही काही फार वेगळ्या नसतात.

शिकण्याच्या दृष्टीनेही सैल कपडा अडचणीचा ठरतो. नवशिक्याचे पाय गुडघ्यातून वाकतात की कंबरेतून हलतात, हे प्रशिक्षकाला पाण्यावरून दिसावे लागते. फुगलेल्या शॉर्ट्समध्ये ते दिसत नाही. टी-शर्टमध्ये हवा शिरून पाठीवर फुगा होतो आणि मुलीला आपण तरंगत आहोत असा खोटा विश्वास वाटतो. हवा निघून गेली, की तोच टी-शर्ट हातांना मागे ओढतो. खिशांत पाणी भरते ते वेगळेच.

आता घराच्या आक्षेपाकडे वळू. पोहण्याचा पोशाख म्हणजे मांड्या उघड्या टाकणारा पोशाख, हे समीकरण आपल्या मनात चित्रपटांनी आणि जाहिरातींनी पक्के केले आहे. प्रत्यक्ष स्पर्धेतील जलतरणपटूंकडे पाहिले तर निराळेच चित्र दिसते. २००९ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत खेळाडू पॉलियुरेथेनचे, अंगभर आवळलेले पोशाख घालून उतरले आणि त्या एका स्पर्धेत ४३ जागतिक विक्रम मोडले. पोहणारा जिंकला की पोशाख, असा प्रश्न निर्माण झाला. तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाने १ जानेवारी २०१० पासून नियम बदलला : पोशाख विणलेल्या कापडाचाच हवा, पुरुषांसाठी तो बेंबीपासून गुडघ्यापर्यंत आणि स्त्रियांसाठी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत असू शकतो. ऑलिंपिकमध्ये पदके घेणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया आज मांड्या पूर्ण झाकणारा, गुडघ्याशी संपणारा पोशाख घालतात. त्यात त्यांचा संकोच नाही, वेगाचा हिशेब आहे. तेव्हा आपल्या मुलीसाठी गुडघ्यापर्यंतचा पोशाख मागणाऱ्या आईने दुकानात खाली मान घालून कुजबुजण्याचे कारण नाही. ती जागतिक स्पर्धेतील वेष मागत आहे.

याच्या नेमके उलटे घडलेला एक प्रसंग वाचकांच्या स्मरणात असेल. २०२१ च्या जुलैमध्ये बल्गेरियातील वार्ना येथे वाळूवरील हँडबॉलची युरोपीय स्पर्धा झाली. त्या खेळाच्या नियमानुसार स्त्रियांनी बिकिनीची चड्डीच घालावी, तिची बाजूची पट्टी दहा सेंटिमीटरहून रुंद नसावी, असे बंधन होते. पुरुषांना मात्र गुडघ्याच्या वर दहा सेंटिमीटरपर्यंत येणारी शॉर्ट्स घालण्याची मोकळीक. नॉर्वेच्या स्त्रियांनी कांस्यपदकाच्या सामन्यात ठरवून साध्या खेळाच्या शॉर्ट्स घातल्या. युरोपीय महासंघाने संघाला १५०० युरो दंड ठोठावला. गवगवा झाला, टीका झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाला नियम बदलून स्त्रियांना आखूड शॉर्ट्सची परवानगी द्यावी लागली. त्याआधी २०१२ मध्ये वाळूवरील व्हॉलीबॉलमध्येही अशीच मोकळीक मिळाली होती.

आमच्याकडे मुलीला सांगतात, अधिक झाक. तिकडे सांगत होते, कमी झाक. दोन्हीकडे फूटपट्टी तिच्या हाती नव्हती, एवढे साम्य मला मोठे वाटते. त्या नॉर्वेजियन मुलींची मागणी क्रांतिकारक वगैरे नव्हती. पळताना, वाळूत पडताना आपले लक्ष कपड्याकडे जाऊ नये, एवढेच त्यांना हवे होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीलाही नेमके तेवढेच हवे असते. आपण तिच्या वतीने निर्णय घेण्यापूर्वी तिला विचारले, तर ती बहुधा स्वतःच गुडघ्यापर्यंतचा पोशाख निवडील. आणि नाही निवडला, तरी पोहणे सोडण्याची वेळ येण्याइतके ते गंभीर नाही.

आमच्या कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांत पूर्वी पोहण्याला वेगळा पोशाखच नव्हता. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचे, ही शाळा. मुले लंगोटीवर उतरत. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून विहिरीत उतरणाऱ्या स्त्रियाही जुन्या पिढीत होत्या. काष्ट्याने लुगड्याचे दोन पाय होतात आणि पाय मोकळे हलतात, म्हणून ते जमत असे. पाचवारी साडीत आणि पुढे ओढणी-सलवारीत ती सोय गेली. विहिरीही बुजल्या. पोहण्याची जागा तलावाने घेतली आणि तलावाबरोबर दारावरचा फलक आला.

पुढील गोष्ट लिहिताना हात थोडा थांबतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि स्त्रिया व मुलेही बुडाली. पुराच्या ओढीत पट्टीच्या पोहणाऱ्याचाही निभाव लागेलच असे नाही, हे मला ठाऊक आहे, आणि पोहता आले असते तर ती वाचली असती, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही पाण्यात पडल्यावर न घाबरता चार-पाच मिनिटे तरंगत राहता येणे आणि न येणे, यांत मदतीचा हात पोहोचण्याइतके अंतर असू शकते. २०२१ मध्ये पूर पुन्हा आला. नदीकाठी राहणाऱ्यांच्या मुलींनी केवळ कपड्याच्या प्रश्नावरून हे शिकायचे राहून जावे, हे मला पटत नाही.

समुद्राचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि तेथे खेळाच्या शॉर्ट्सची बाजू मी मोकळेपणाने घेईन. काशीद, गणपतीपुळे, तारकर्ली कोठेही पाहा. पाण्यात उतरणाऱ्यांत जीन्स, साडी, सलवार-कमीज यांचीच संख्या अधिक असते. साडी आणि ओढणी लाटेबरोबर पायांभोवती गुंडाळतात. जीन्सचे जाड सुती कापड पाणी पिऊन बसते. पाण्याच्या आत त्याचे वजन फारसे जाणवत नाही. जाणवते ते लाट मागे सरून पाय उचलण्याची वेळ येते तेव्हा, आणि नेमक्या त्याच क्षणी चपळाई हवी असते. प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून खेळाची पॉलिएस्टरची शॉर्ट्स झटकली की निथळते आणि परतीच्या गाडीत बसेपर्यंत वाळते. गुडघाभर पाण्यात लाटा अंगावर घेणाऱ्या कुटुंबाला याहून अधिक काही लागत नाही. आईनेही ती घालावी. पंचेचाळिशीच्या बाईने समुद्रावर शॉर्ट्स घातली तर लोक काय म्हणतील, या विचारात साडी खोचून किनाऱ्यावर चपला राखणाऱ्या कितीतरी भगिनी दिसतात. गुडघ्याखाली येणारी, आतून घट्ट विजार जोडलेली शॉर्ट्स आता खेळाच्या दुकानांत सर्रास मिळते.

घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. नाडी असलेली घ्यावी. केवळ इलॅस्टिक लाटेपुढे टिकत नाही. जाळीचे अस्तर असेल तर त्यात वाळू साठून मांड्या काचतात, म्हणून सहलीसाठी गुळगुळीत अस्तर बरे. आणि लहान मुलांसाठी फिकट निळा किंवा पांढरा रंग कटाक्षाने टाळावा. पाण्याखाली हे रंग दिसेनासे होतात. नारिंगी, गर्द गुलाबी, भडक पिवळा हे रंग काठावरून नजरेत राहतात. वडीलधाऱ्यांना ते भडक वाटतील, तर वाटू द्यावेत. पावसाळ्यात मात्र कोणताही पोशाख घालून समुद्रात उतरू नये.

तलावासाठी शॉर्ट्सऐवजी खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा, नायलॉन किंवा पॉलिएस्टर-लायक्राचा, बिनखिशांचा पोशाख घ्यावा. त्यावर बाह्या हव्या असतील तर त्याच कापडाचा अंगाबरोबर बसणारा पूर्ण बाह्यांचा सदराही मिळतो. लायक्रा क्लोरीनने आणि उष्णतेने लवकर सैल पडते, म्हणून घरी येताच साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावे; वॉशिंग मशीन आणि इस्त्री नको. पैसे भरण्यापूर्वी तलावाच्या व्यवस्थापकाला तो पोशाख प्रत्यक्ष दाखवून विचारावे. बहुतेक ठिकाणी ‘चालेल’ असेच उत्तर येते. ते आले, की आणखी एक विनंती करावी : फलकावर ‘नायलॉनचा पोशाख आवश्यक’ याच्या खाली ‘गुडघ्यापर्यंतचा चालेल’ एवढे दोन शब्द रंगवून घ्यावेत. ते वाचून दारावरून परत न फिरणाऱ्या मुली त्याच गावात निघतील.