तंदुरुस्तीचा दाखला पुरेसा नाही

मार्च-एप्रिल आला की हिमालयात ट्रेकला निघालेली तरुण मंडळी आमच्या सरकारी रुग्णालयात तंदुरुस्तीचा दाखला घ्यायला येतात. नाडी, रक्तदाब, छाती तपासून मी सही करतो. विरळ हवेचा त्रास होईल का, असे ते विचारतात. बर्फाचा कडा अंगावर आला तर काय करायचे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथू ला रस्त्यावर हिमस्खलनात ७ पर्यटकांचा मृत्यू झाला. ते शिखर चढायला गेलेले गिर्यारोहक नव्हते; आपल्यासारखेच सहलीला गेलेले लोक होते.

थंडी ओसरली म्हणजे धोका टळला, हा गैरसमज आहे. वसंतात उन्हाने बर्फ वितळतो, पाणी आत झिरपते आणि थरांची एकमेकांवरची पकड सुटते. रात्री गोठून घट्ट झालेला उतार दुपारी घसरू शकतो. रात्र ढगाळ असेल, तर बर्फ नीट गोठतच नाही आणि सकाळही धोक्याची ठरते. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत घातक.

अपघातात आम्ही डॉक्टर ‘गोल्डन अवर’ म्हणतो. इथे तेवढा वेळ नसतो. पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचतात. अर्ध्या तासानंतर जेमतेम एक-तृतीयांश. गाडलेली माणसे बहुतेक थंडीने नव्हे, गुदमरून मरतात. म्हणून तोंड-नाकातला बर्फ काढून आधी श्वास द्यावा, मग छाती दाबावी. हेलिकॉप्टर येईपर्यंत उशीर झालेला असतो; वाचवणार ते सोबतचेच.

म्हणूनच माझे मत असे, की आयोजकांनी आपल्याकडून दाखला मागावा, तसा आपणही त्यांच्याकडून हिशेब मागावा. ‘डीआरडीओ’ची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते रोज पाहता का? धोक्याचे उतार ऊन तापण्याआधी ओलांडता का? प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडे असते का, ते वापरायला शिकवता का? इशारा असेल तर ट्रेक रद्द करून पैसे परत देता का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पैसे बुडतील म्हणून पुढे जाणारे आयोजक असतात, तसे हट्ट धरणारे पर्यटकही असतात. माझी सही तुमच्या हृदयाची खात्री देते, डोंगरावरच्या बर्फाची नाही. वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला, तर निमूट परत फिरा.