‘बाद’ लिहिण्यापूर्वी

आमच्या महाविद्यालयाच्या एन.सी.सी. हवाई विभागाच्या खोलीत एक लाकडी कपाट आहे. वर्षअखेरीस त्यातील सामानाची मोजदाद झाली, तेव्हा विमानांच्या प्रतिकृतींना लावायच्या दोन इंजिनांपुढे ‘बाद’ असा शेरा पडला. दोन्ही अडीच सी.सी.ची, डिझेल जातीची, मुठीत मावणारी. एकाचा पंखा हलेना, दुसऱ्याचा नको तितका सैल फिरे. झाले, परीक्षा संपली! आपण कला शाखेचे लोक. यंत्राच्या पोटात काय दुखते ते आपण कशाला पाहावे, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती मला मान्य नाही.

सरांच्या परवानगीने मी दोन्ही इंजिने लालबागला घरी नेली. माझे आजोबा गिरणीत रिंगफ्रेम खात्यात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, त्यानंतर ते गिरणीत परत गेले नाहीत. असले इंजिन त्यांनी कधी पाहिले नव्हते. मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते, असे मी सांगितले. ते म्हणाले, “मग आमच्या स्पिंडलचंच भावंड की!”

अडकलेले इंजिन त्यांनी प्रथम हुंगले. इथर, रॉकेल आणि एरंडेल हे याचे इंधन. पडून राहिले की एरंडेल चिकासारखे घट्ट होते. “हे झिजलेलं नाही, चिकटलंय. जोर लावू नकोस.” रात्रभर स्पिरिटमध्ये ठेवल्यावर सकाळी पंखा फिरला आणि पिस्टन वर येताच बोटाला मागे रेटू लागला. दम शाबूत होता.

दुसऱ्याची गोष्ट निराळी. या जातीच्या पिस्टनला रिंगा नसतात. ओतीव लोखंडाचा पिस्टन पोलादी नळीत इतका नेमका घासून बसवलेला असतो की मधली फट केसाच्या जाडीचा लहानसा अंश असते. म्हणून रिंग बदलून भागत नाही. आजोबांनी पंखा हळू फिरवला; फुस्स असा आवाज आला. एक्झॉस्टच्या खिडकीतून तेलाचे दोन थेंब सोडले, तर दम आला आणि आठ-दहा फेऱ्यांत पुन्हा गेला. म्हणजे भिंतच खाल्ली गेली होती. मग शाफ्ट धरून वरखाली हलवून पाहिला, तर बुशात खेळ. पिस्टन वरच्या टोकाला आणून पंखा किंचित मागेपुढे केला, तर टिक्‌टिक्‌. कनेक्टिंग रॉडचे खालचे भोक लांबोडके झाले होते. नळी उजेडात धरली तेव्हा आत उभे ओरखडे दिसले.

“माती गेलीय,” आजोबा म्हणाले.

ती कशी गेली हे मला ठाऊक होते. विमान नाकावर आपटले, तेव्हा इंजिन चालते की नाही हे पाहायला मीच जागेवर पंखा फिरवला होता. आधी उघडून धुवायला हवे होते. बरे, त्यानंतरही आम्ही ते उडवतच राहिलो, आणि सुरू करणाऱ्या कॅडेटचे बोट दर वेळी त्या खिळखिळ्या शाफ्टवरच्या पंख्यापाशी असे. झीज तपासणे म्हणजे केवळ काटकसर, असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

नवे घ्यावे, डोकेफोड कशाला, असे एका मित्राचे म्हणणे. घ्यावे की! पण नव्यातही आम्ही अशीच माती घालणार असू तर?

आणखी एक बोलतो, आमच्या अध्यापकांनी राग मानू नये. गिरणगावावर आपण प्रकल्प लिहितो. परळ-लालबागच्या चाळींत जाऊन म्हाताऱ्या कामगारांना संप विचारतो, पगार विचारतो, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांबद्दल काय वाटते तेही विचारतो. काम कसे करीत होतात, हे कोणी विचारत नाही. मीही घरात राहून विचारले नव्हते. बोटाला कळणारी ही पारख त्यांच्याबरोबर जाणार आहे, आणि ती टिपून घ्यायला कला शाखेचा विद्यार्थी पुरेसा आहे.

‘बाद’ या शेऱ्यापुढे कारण लिहिल्याशिवाय सही होऊ नये, एवढी माझी सूचना आहे. सरांनी ती यंदापुरती मानली आहे. एका इंजिनापुढचा शेरा खोडला गेला. दुसऱ्यापुढे कारण मी माझ्या हाताने लिहिले.