सहविश्वाशाचा न्याय करण्याचा अधिकार कुणाचा?

सहविश्वाशाच्या श्रद्धेचा निवाडा करणे हे ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बहुधा पाप मानले जात नाही. ते कर्तव्य मानले जाते. सत्य राखायचे तर खरे विश्वासणारे आणि नावापुरते विश्वासणारे यांची निवड करावीच लागते, असा त्यामागचा युक्तिवाद. तो पोकळ नाही. झाड फळावरून ओळखावे असे येशूनेच शिकवले, आणि करिंथच्या मंडळीतील अनाचारी माणसाला बाहेर काढण्याची सूचना पौलानेच केली. मग मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील न्याय न करण्याची आज्ञा आणि त्यापुढचा कुसळ-मुसळाचा दाखला यांचे करायचे काय? हे सारे केवळ सौजन्याचे बोल म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मंडळीला करणी तपासण्याचा अधिकार आहे. अंतःकरणावर निकाल देण्याचा नाही. असे निकाल ज्यांनी दिले, त्यांच्या हातातले माप सुवार्तेचे असण्यापेक्षा त्यांच्या घराचे आणि देशाचेच अधिक वेळा निघाले आहे.

छत्तीसगढात याचा पुरावा फार दूर शोधावा लागत नाही. पूर्वीच्या रायपूर जिल्ह्यात जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे ऑस्कर लोर यांनी १८६८ मध्ये काम सुरू केले आणि बिश्रामपूर हे ठाणे वसवले. तेथे बाप्तिस्मा घेणारे बहुतेक सतनामी होते. गुरू घासीदासांच्या शिकवणीतून जातिभेद नाकारणारा हा समाज. समतेचा विचार त्यांना मिशनने नव्याने शिकवला असे नव्हे. पण बिश्रामपूरची जमीन मिशनची होती आणि मिशनरी तिथले मालगुजार होते. उपदेश करणारा, शेत देणारा आणि दोष ठरवणारा अशा तिन्ही जागा एकाच हाती आल्या.

यातून घडायचे तेच घडले. छत्तीसगढी समाजात ‘चूडी’ची प्रथा होती. पहिला संसार मोडला तर स्त्रीला दुसऱ्या पुरुषाच्या हातच्या बांगड्या भरून नवे घर करता येई, आणि जातपंचायत त्याला मान्यता देई. मिशनरींच्या दृष्टीने तो सरळ व्यभिचार होता. १८९० मध्ये बिश्रामपूरच्या मंडळीसाठी खास नियम लिहून काढण्यात आले. चूडी करणाऱ्या कुटुंबांवर कारवाई होत राहिली, आणि तरीही विश्वासणाऱ्यांमध्ये ती प्रथा टिकून राहिली. विवाहाची ख्रिस्ती कल्पना मंडळीने शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. शिकवावीच. पण एखाद्या बाईचे मोडलेले घर, नवऱ्याची मारहाण, उपासमार यांतले काहीही न विचारता तिला थेट अविश्वासूंच्या यादीत टाकणे म्हणजे शिकवण नव्हे. ज्या मालगुजाराच्या जमिनीवर तिचे पोट अवलंबून, त्याच्यासमोर ती मोकळेपणाने काय बोलणार? न्याय करणाऱ्याचे आसन जितके उंच, तितके त्याला खालचे कमी दिसते, आणि आपल्याला दिसत नाही याची जाणीवही उरत नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासात याहून बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना आश्रय देणाऱ्या अँग्लिकन भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक. पुढच्या दोन-तीन वर्षांतला दोघींचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना सिस्टरांचा लोभ खरा होता हे जाणवते, आणि त्यामुळेच त्यांचा दोषारोप अधिक विचार करायला लावतो. त्रैक्याच्या सिद्धांतावर रमाबाई शंका विचारत, अथनेशियसच्या मतांगीकाराला डोळे झाकून मान डोलवत नसत. सिस्टरांना यात बुद्धीचा अहंकार दिसला. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेला पदार्थही खाईनात. त्यात जातीचा अभिमान दिसला. क्रॉसवर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत शब्द असावेत असे त्यांना वाटे, तर त्यातही हट्टच दिसला. रमाबाईंनी उत्तर दिले की त्यांचा गर्व हुडकायचाच असेल तर तो पुडिंगातही सापडेल. त्यांना हिंदू म्हणवून घेणे आवडते, कारण त्या हिंदूच आहेत.

त्रैक्याचा प्रश्न धर्मसिद्धांताचा होता हे मान्य. पण अंडे, लॅटिन, इंग्रजी ताटातले जेवण यांचा तारणाशी संबंध कुठला? रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने नेमका हाच विषय घेतला आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. वाँटेजला हा अध्याय माहीत नव्हता असे नाही. स्वयंपाकघर इंग्लंडचे होते आणि तेच ख्रिस्ताचे समजले गेले, एवढेच झाले.

येथे प्रतिपक्षाला एक धारदार पुरावा देता येतो. १९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी स्वतःच सांगितले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. मग सिस्टरांची शंका खरी ठरली नाही का? ठरली नाही. रमाबाईंनी स्वतःत पाहिलेली उणीव जेवणाची, भाषेची किंवा मान न डोलावण्याची नव्हती. ख्रिस्तावर संपूर्ण विसंबण्याची होती. बाहेरून न्याय करणारीने बोट भलत्याच जागी ठेवले होते. रमाबाईंना खरी जागा सापडली ती कुणी दोष दिला म्हणून नव्हे. इतरांना मोजण्याचे माप त्यांनी स्वतःला लावले, आणि कुणी तसा कबुलीजबाब मागितलेला नसतानाही तो छापून प्रसिद्ध केला. ख्रिस्ती नम्रता ती हीच.

फळांचा दाखलाही इथेच तपासावा. फळाला ऋतू लागतो. १८८४ मध्ये जिच्या श्रद्धेविषयी शंका होती, त्या बाईने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली. छत्तीसगढ तेव्हा याच प्रांतात होते. तिथून शेकडो उपाशी, निराधार मुली-बायका तिने केडगावच्या आश्रयाला आणल्या. पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत बायबल आणण्यासाठी तिने आयुष्याची अखेरची वर्षे घालवली. येशूने फळांचा दाखला जसा दिला तसा गहू आणि निदणाचाही दिला: घाईने निदण उपटू नका, गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत थांबा. पहिला दाखला हाती धरायचा आणि दुसरा विसरायचा, यावरच निवाड्याचा सारा डोलारा उभा असतो.

याउलट दिशेनेही एक आक्षेप येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. नम्रता ही सत्ताधाऱ्यांनी दुबळ्यांना शिकवलेली शरणागती आहे; वसाहतीतल्या धर्मांतरिताला मिशनऱ्याने, स्त्रीला पुरुषाने, बिश्रामपूरच्या कुळाला मालगुजाराने ती शिकवली, असे म्हटले जाते. घडलेही तसेच. रमाबाईंवरचा गर्वाचा आरोप म्हणजे दुसऱ्या बाजूने पाहता नम्रतेची मागणीच होती. मात्र दुसऱ्याकडून वसूल केलेली नम्रता ही नम्रता नसून दास्य आहे. देवाच्या घरात जाऊन आपल्या उपवासांचा हिशेब देणारा परुशी आणि छाती बडवून दया मागणारा जकातदार या लूकच्या दाखल्यात जकातदाराला कुणी वाकवलेले नाही. तो परुशापुढे नव्हे, देवापुढे उभा आहे. म्हणूनच रमाबाईंना एकाच वेळी देवापुढे लीन आणि बिशपांपुढे ताठ राहता आले. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्यास मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी ती निमूटपणे गिळली नाही.

ना. वा. टिळकांची गोष्ट छत्तीसगढच्या जवळची. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ काढला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. बाप्तिस्म्याचे मोल याने कमी होते, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. तरी बाप्तिस्मा महत्त्वाचा मानणे वेगळे आणि त्याच्याबाहेर ख्रिस्तभक्ती असूच शकत नाही असे ठरवणे वेगळे. टिळकांनी पहिले सोडले नाही, दुसरे नाकारले.

नम्रतेने सिद्धांत पातळ होतो, या भीतीला सर्वांत ठोस उत्तर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात मिळाले. त्या दिवशी सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. छत्तीसगढ हा आज तिच्या धर्मप्रांतांपैकी एक. त्या सहांत अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, डिसायपल्स होते. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा की कळत्या वयातला, या प्रश्नावर यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके एकमेकांना चुकीचे ठरवले होते. एकीकरणात दोन्ही पद्धती ग्राह्य धरण्यात आल्या. कुणालाही आपली समजूत टाकून द्यावी लागली नाही. आपल्याहून वेगळ्या समजुतीच्या माणसालाही प्रभुभोजनाच्या मेजावर हक्क आहे, एवढेच मान्य करावे लागले. उद्घाटनाच्या विधीत वेगवेगळ्या मंडळ्यांच्या सेवकांनी परस्परांवर हात ठेवले, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्यापुढे मस्तक लववावे लागले. ज्याची दीक्षा कालपर्यंत अपुरी वाटत होती, त्याच्याच हाताखाली.

राहिला करिंथचा प्रश्न. पौलाने ज्याला बाहेर काढायला सांगितले त्याची करणी उघड होती. त्याच्या मनात काय आहे याचा तर्क कुणी केला नव्हता. काढण्याचा हेतूही तो माणूस शेवटी वाचावा हाच होता. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात दंड भोगलेल्या एका माणसाला क्षमा करून धीर द्यावा, नाहीतर तो दुःखात बुडेल, असेही पौल लिहितो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रमही तसाच आहे: आधी एकांतात बोलावे, मग एक-दोघांना सोबत घ्यावे, शेवटी मंडळीपुढे आणावे. श्रद्धेवर शंका घेणारे लोक बहुतेक वेळा या क्रमाची सुरुवात शेवटाकडून करतात.

मात्र न्याय न करण्याच्या आज्ञेचा आडोसा घेऊन पाळकाने केलेली पैशाची अफरातफर, वडीलमंडळातल्या कुणी मुलीवर केलेला अत्याचार, वसतिगृहातल्या मुलांचे हाल झाकता येणार नाहीत. ती करणी आहे आणि तिला बळी पडलेली माणसे आहेत. अशा प्रकरणी गप्प राहणारी मंडळी नम्र नसून भित्री असते, आणि तिथे एकांतातल्या समजुतीवर न थांबता पोलिसांकडे जाणे हेही मंडळीचे कर्तव्यच आहे.