अर्ज कोणी लिहावयाचा?

युद्ध तहनाम्याने संपते. घरच्यांची प्रतीक्षा संपत नाही. १९७१ च्या युद्धानंतर भारताने सुमारे ९३,००० युद्धकैदी परत पाठविले. परंतु फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांच्यासह आपले ५४ जण सरकारी यादीत बेपत्ताच राहिले. २००७ साली १४ नातलग पाकिस्तानातील तुरुंग पाहून विन्मुख परतले. दाखला हरवला, की माणूस दुसऱ्यांदा हरवतो. खेड्यातील एखाद्या वृद्धेपाशी मुलाची जुनी पत्रे असतील; त्यांवरील सेवाक्रमांक व पलटणीचे नाव हाच शोधाचा धागा. तो पलटणीच्या अभिलेख कार्यालयापर्यंत नेण्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. अर्ज मात्र कोणीतरी लिहून द्यावा लागतो. पुलगावचे दारूगोळा भांडार ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, तेथील शिक्षक-कारकुनांनी एवढे ऋण लेखणीने फेडावयास नको काय?