चांगले महाविद्यालय कोणते?

काही वर्षांनी तुमच्यापैकी पुष्कळजण महाविद्यालयात जाल. तेव्हा घरात विचार सुरू होईल, "चांगले महाविद्यालय कोणते?" कोणी इमारत पाहतो, कोणी नाव पाहतो. माझ्या मते, जेथे विद्यार्थ्याला न घाबरता प्रश्न विचारता येतो, ते महाविद्यालय चांगले.

आपल्या भागात उच्च शिक्षणाची सोय हळूहळू झाली. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. बारामतीत १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली. इंदापुरातही महाविद्यालय आहे. आता पदवीसाठी पुण्यालाच जावे लागत नाही. परंतु सोय झाली म्हणजे शिक्षण चांगले झाले, असे नाही.

सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी अशा गावांतून एस.टी.ने बारामतीला येणारी मुले पाहा. बस चुकली की पहिला तास बुडतो. विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत असतात. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेला मुलगा हुशार असूनही गप्प बसतो. मग तो गाईडमधील उत्तरे पाठ करतो. तो पास होतो, पण विषय समजत नाही.

यावर उपाय आहेत. पहिल्या महिन्यात विषयातील इंग्रजी शब्द सोप्या भाषेत समजावून द्यावेत. वेळापत्रक बसच्या वेळांशी जुळवावे. नुसती टिपणे लिहून देऊ नयेत. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक' या संस्थेने २०१७ मध्ये विद्यार्थ्यांचे मत विचारण्याची पद्धत आणली. ही चांगली गोष्ट झाली. पण वर्ष संपल्यावर मत घेतले, तर त्याच मुलांना त्याचा काय उपयोग? सत्राच्या मध्येच, चिठ्ठीवर नाव न लिहिता मत घ्यावे आणि लगेच सुधारणा करावी.

कोणी म्हणेल, "वर्ग मोठे आहेत, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत." ही अडचण खरी आहे. जागा भरल्याच पाहिजेत. पण तोपर्यंत मोठ्या वर्गातही शेवटची पाच मिनिटे प्रश्नांसाठी ठेवता येतात. त्याला पैसा लागत नाही.

आणि तुमचे काम? "माझे मराठी चुकेल, मुले हसतील," या भीतीने आज जो शाळेत गप्प बसतो, तो उद्या महाविद्यालयातही गप्पच बसेल. प्रश्न विचारण्याची सवय एका दिवसात लागत नाही. म्हणून या पाठात जे समजले नाही, ते आजच वर्गात विचारा. भाषा चुकली तरी चालेल.