लाटा, वीज आणि आमची घळ

आमच्या गावी सड्याखाली, समुद्राच्या काठाला, कातळात एक घळ आहे. तिच्या टोकाशी वरच्या बाजूला एक भोक. लाट आत शिरली की भोकातून हवा फुस्सकन वर यायची, पाणी ओसरले की तीच हवा आत ओढली जायची. आम्ही पोरे भोकावर टोप्या ठेवून उडवत असू. (माझी एक आत गेली ती गेलीच. घरी काय झाले ते सांगत नाही.)

पुढे कितीतरी वर्षांनी वाचले की या खेळावर वीज करतात! तिरुवनंतपुरमजवळ विळिंजम येथे मद्रासच्या आयआयटीने १९९१ साली असेच केंद्र उभारले. समुद्रात काँक्रीटची पोकळ खोली, खालून लाट आत येणार, वर हवा दाबली जाणार आणि त्या हवेवर टर्बाइन फिरणार. हवा आत जावो की बाहेर, टर्बाइन एकाच दिशेने फिरते. ही युक्ती बेलफास्टच्या ॲलन वेल्स यांची. क्षमता १५० किलोवॅट. आज ते केंद्र बंद आहे.

परवा भाचा (इंजिनिअर आहे) फोनवर म्हणाला, "मामा, लाटांची वीज परवडत नाही. विषय संपला." खोटे नाही. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची शक्ती चौपट होते. म्हणजे यंत्राने कमवायचे रोजच्या लाटांवर आणि टिकायचे मात्र वादळात! त्यात खारे पाणी लोखंड खाते आणि दुरुस्तीला जावे तर समुद्र खवळलेला. पोर्तुगालजवळ २००८ साली पेलामिस नावाची सापासारखी तरंगती यंत्रे लावली, ती काही महिन्यांतच ओढून परत आणावी लागली. २०१४ मध्ये कंपनीही बुडाली.

तरी 'विषय संपला' हे मला पटत नाही. स्पेनमध्ये मुत्रिकू येथे बंदरासाठी लाटा अडवणारी भिंत बांधायचीच होती. त्यांनी भिंतीतच पोकळ्या ठेवल्या आणि १६ टर्बाइन बसवली. सगळी मिळून ३०० किलोवॅटही नाहीत, पण २०११ साली सुरू झालेले ते केंद्र वर्षानुवर्षे वीज देत राहिले. भिंतीचा बराचसा खर्च बंदराच्या खात्यावर, आणि दुरुस्तीला चालत जाता येते!

आता आपल्याकडे पाहा. त्याच विळिंजमच्या मोठ्या बंदराचे मे २०२५ मध्ये लोकार्पण झाले. लाटा अडवायला सुमारे ३ किलोमीटरची भिंत, दगड आणि काँक्रीटचे ठोकळे टाकून केलेली. ज्या गावात आपण हा धडा गिरवला, तिथेच तो आठवू नये? पोकळ्या ठेवल्या असत्या तर खर्च वाढला असता, हे मान्य. पण सगळी भिंत कुठे मागतोय, शंभर मीटर!

पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. पण भिंत होणारच असेल तर निदान लाटा मोजून पाहा, आणि जमत असेल तर तेवढे शंभर मीटर शिकण्यासाठी ठेवा, असे मी भाच्याला म्हटले.

तो हसला. "मामा, निविदेत हे लिहिणार कोण?"

मी मराठीचा मास्तर. एक वाक्य लिहून द्यायला तयार आहे.